बाहेरच्या खोलीची शांतता

१

चिडीचूपरावांचं खरं नाव बँकेला आणि दवाखान्याला तेवढं माहीत होतं. बाकी सगळं जग त्यांना चिडीचूपराव म्हणायचं, आणि घाईत असेल तर नुसतं राव. हे नाव त्यांनी स्वतःच्या तोंडाने कमावलं होतं.

राव साउंडवाले. उभी हयात कानाला हेडफोन आणि हातात माईकची काठी. जाहिरात असो, माहितीपट असो, मालिका असो, कोणी बोलावेल तिथे जायचं. आता या धंद्यात एक रीत आहे. बाहेरच्या माणसाला ती निव्वळ वेडेपणाची वाटते. एखाद्या खोलीतलं शूटिंग संपलं, नटमंडळी घामाघूम झाली, दिवेवाल्यांनी वायरी गुंडाळायला घेतल्या, की साउंडवाला ओरडतो आणि सगळ्यांना आहे तिथे उभं करतो. का, तर त्याला खोलीची शांतता रेकॉर्ड करायची असते. एक मिनिट. दोन वाक्यांच्या मधली फट भरायला तीच लागते, दुसऱ्या खोलीची उसनी चालत नाही. कारण प्रत्येक खोलीची शांतता निराळी, आणि त्याच खोलीत माणसं असताना निराळी, नसताना निराळी. माणूस नुसता गप्प बसला तरी थोडा आवाज पितो. तुम्हाआम्हाला हे कळत नाही, रावांना कळायचं. कुठलीही शांतता ऐकवा, राव डोळे मिटून सांगायचे, "आत तिघं आहेत, आणि त्यातला एक चांगला खातापिता आहे." लोक हसायचे, पण उत्तर बरोबर निघायचं.

तर राव हात वर करून ओरडायचे, "चिडीचूप!" आणि मिनिटभराने म्हणायचे, "झालं!" ते 'झालं' कानावर येईपर्यंत शिंकायचं नाही, हलायचं नाही, पायाला मुंग्या आल्या तर येऊ द्यायच्या. मोठमोठे दिग्दर्शक त्यांच्यापुढे शाळेतल्या पोरांसारखे उभे राहायचे. एका नावाजलेल्या नटाने मध्येच खोकला काढला, तर रावांनी पुन्हा पहिल्यापासून सगळ्यांना उभं केलं होतं. नट म्हणाला, "अहो, खोकला आला तर माणसाने करायचं काय?" राव म्हणाले, "गिळायचा." असा सगळा कडक कारभार.

२

घरी मात्र रावांचं काही चालायचं नाही. बायकोच्या तोंडाचा पट्टा सकाळी जो सुरू व्हायचा, तो रात्री उशीला डोकं टेकेपर्यंत. दिवसभर जगाला गप्प बसवून राव घरी यायचे आणि तिचं ऐकत निमूटपणे जेवायचे. खोटं कशाला बोला, त्यांना ते आवडायचं.

घरात कॉम्प्युटर एकच, बाहेरच्या खोलीत खिडकीशी. त्यावर गाणी ऐकायचा प्रोग्रामही एकच, आणि ऐकणारी माणसं तीन. त्यामुळे सुरुवातीला सगळा गोंधळ होता. बायको इस्त्री करताना गाणी लावायची, तर छान चाललेल्या दोन गाण्यांच्या मध्ये एखाद्या कारखान्याचं दार करकरायचं, नाहीतर कुत्री भुंकायची, नाहीतर मिनिटभर काहीच यायचं नाही.

"अहो, स्पीकर गेला तुमचा!"

"गेला नाही. ती कोर्टातल्या खोलीची शांतता आहे."

"मग कोर्टातच ठेवायची ना! माझ्या गाण्यांत कशाला आणून सोडलीत?"

शेवटी मुलीने तोडगा काढला. तिने प्रोग्रामच्या तीन लायब्रऱ्या केल्या, 'बाबांची', 'आईची' आणि 'माझी'. एक बटण दाबून धरून प्रोग्राम उघडला की तो विचारायचा, कुठली उघडू? बटण न दाबता उघडला की शेवटची वापरलेली उघडायची. बायकोला ते बटणाचं प्रकरण काही जमलं नाही. खरं तर तिने जमवून घेतलं नाही. तिने फर्मानच काढलं, "कोणी काय वाटेल ते ऐका, पण उठताना माझी लावून उठायचं." आणि तो घरचा कायदा होऊन बसला. राव रात्रभर काम करत बसले तरी उठताना 'आईची' उघडून ठेवायचे.

पुढे मुलगी लग्न करून दूरच्या शहरात गेली. मग बायको आजारी पडली आणि आठवड्याभरात दवाखान्यातच वारली. राव खाली औषधं आणायला उतरले होते, वर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून घर नुसतं खायला उठायचं. उठताना 'आईची' लावण्याचं कारण उरलं नाही, म्हणून कॉम्प्युटर कायम 'बाबांची'वर राहू लागला. तिची लायब्ररी त्यांनी नंतर एकदाही उघडली नव्हती. धीरच होत नव्हता.

मुलगी रोज संध्याकाळी ऑफिसातून घरी पोचली की फोन करायची. एकदा बोलता बोलता ती अडखळली.

"बाबा, एक विचारू? आईचा आवाज आहे का हो आपल्याकडे कुठे?"

"आवाज म्हणजे?"

"आवाज म्हणजे आवाज. बोलतानाचा. परवा तिची फार आठवण आली. चेहरा दिसतो, हात दिसतात, ती काय म्हणायची तेही आठवतं. पण आवाज येत नाही, बाबा. कितीही प्रयत्न केला तरी येत नाही." आणि ती रडायलाच लागली.

"अगं वेडे, रडतेस काय? साउंडवाल्याच्या घरात आवाज नाही सापडायचा तर कुठे सापडेल? शोधतो की मी."

फोन ठेवल्यावर रावांनी स्वतः आठवून पाहिला. तिचे शब्द आठवले, टोमणे आठवले, कुठल्या वाक्याला हात कसा करायची तेही आठवलं. आवाज मात्र आला नाही. ज्या कानांवर आयुष्यभर पोट भरलं, त्या कानांत बायकोचा आवाज उरला नव्हता.

३

दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू झाला. घरातले जुने व्हिडिओ काढले. मुलीचा शाळेतला नाच, सहलीला गेलेले तेव्हाचे, नव्या घरात राहायला आले तेव्हाचे. प्रत्येकात बायको होती, तोंड हलत होतं, आणि खाली संथ बासरी वाजत होती. रावांनी कपाळावर हात मारला. हे त्यांचंच काम. मागची बडबड काढून टाकून त्यांनी मोठ्या हौसेने सगळे आवाज साफ केले होते. आपल्या धंद्याच्या घमेंडीत बायकोलाच पुसून टाकलं होतं. मूळ कॅसेटी तर केव्हाच भंगारात गेल्या होत्या.

राहता राहिल्या लायब्रऱ्या. मुलीने मागेच एक नवा छोटा कॉम्प्युटर पाठवला होता, जुना कधी दगा देईल सांगता येत नाही म्हणून. ती फोनवर म्हणाली, "नव्यावर न्यायच्या आधी तिन्ही लायब्रऱ्यांची मिळून एक करा, बाबा. 'घर' नाव द्या तिला. मग त्यात एकेक करून शोधता येईल."

राव दुपारी जेवून जुन्या कॉम्प्युटरपुढच्या स्टुलावर बसले. प्रोग्राम उघडला, तर समोर आली 'आईची'.

त्यांनी भुवया उंचावल्या. काल संध्याकाळी 'बाबांची'मधले जुने आवाज चाळून ते उठले होते, हे त्यांना पक्कं आठवत होतं. मग स्वतःशीच म्हणाले, "सवय जाते होय? लावली असेल हाताने." आणि कामाला लागले.

तिन्हींची एक करायला वेळ लागला. मध्येच प्रोग्रामने विचारलं, एकाच नावाच्या आणि एकाच लांबीच्या वस्तू सापडल्या आहेत, त्यातली एकच ठेवायची का? रावांनी न वाचता 'हो'वर टिचकी मारली, आणि मग चूक ध्यानात आली. त्यांच्या जन्मभराच्या शांतता, कोर्टाची, कारखान्याची, शाळेची, मिनिटामिनिटाच्या शेकडो शांतता, सगळ्यांचं नाव एकच होतं, 'शांतता'. प्रोग्रामच्या दृष्टीने ती एकच वस्तू होती. दुसऱ्या कुठल्या माणसाकडून अशी चूक झालीच नसती, कारण दुसरं कोण असल्या गोष्टी साठवून ठेवतं?

जुन्या लायब्रऱ्या जागेवर होत्या, त्यामुळे नुकसान काही नव्हतं. तरी शेकड्यांतून यंत्राने कुठली एक निवडली, म्हणून त्यांनी पाहिलं. प्रोग्रामचा नियम साधा होता. जी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेली, ती ठेवायची. ठेवलेल्या शांततेच्या पुढे टीप होती, 'घर, बाहेरची खोली'. ऐकल्याचा आकडा बायकोच्या सगळ्यात लाडक्या गाण्याहूनही मोठा होता. आणि शेवटची ऐकली होती आज सकाळी, राव पाव आणायला गेले होते तेव्हा.

४

यंत्र आहे, चुकतं. रावांनी स्वतःला समजावलं. तीन ठिकाणचे आकडे एकत्र करताना बेरजेत घोळ झाला असणार, आणि तारखेचं म्हणाल तर जुना कॉम्प्युटर, त्याचं घड्याळ काय खरं धरायचं. तरीपण त्यांनी हेडफोन चढवले.

मिनिटभराची शांतता. लांब रस्त्यावरची रहदारी, भिंतीवरचं घड्याळ, खिडकीची काच किंचित थरथरते तिचा आवाज. हीच खोली. आणि खोलीत एक माणूस बसलेलं. राव डोळे मिटून ऐकत राहिले. वेताची खुर्ची अगदी हलकेच कुरकुरली, आणि मिनिट संपता संपता कोणीतरी बोलण्यासाठी श्वास आत घेतला. तिथे रेकॉर्डिंग तुटलं.

रावांना सगळं लख्ख आठवलं. नवा माईक आणला होता. तो तपासायला बायकोला वेताच्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "चिडीचूप!" मिनिट भरतं न भरतं तोच कामाचा फोन आला, तातडीने या म्हणून. राव पिशवी उचलून धावत सुटले. संध्याकाळी घरी येतात तर बायको खुर्चीत बसलेली. ओठ मिटलेले, डोळ्यांत हसू.

"काय गं? काय झालं?"

बायको गप्प.

"अगं बोल ना! बरं आहे ना तुला?"

तिने तोंडावर बोट ठेवलं. मग कुठे रावांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते म्हणाले, "झालं, झालं!" आणि धरण फुटावं तशी बायको सुटली. "दिवसभर बसलेय मी! शेजारीण येऊन गेली, तिला वाटलं माझी वाचाच गेली! 'झालं' म्हणाल्याशिवाय बोलायचं नाही हा तुमचाच कायदा ना? थांबा, मीही तुम्हाला एक दिवस असं बसवीन आणि खुशाल निघून जाईन. मग बसा 'झालं'ची वाट बघत!" हसून हसून दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

रावांनी हेडफोन काढले तेव्हाही त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तिचा आवाज नव्हता, पण ती होती. मुलीला हे पाठवावं का, असं त्यांच्या मनात आलं. पण पोरीला या मिनिटात काय ऐकू येणार होतं? घड्याळ आणि रहदारी. तिला आवाज हवा होता आणि बापाकडे होता फक्त एक श्वास.

उठताना त्यांनी मुद्दाम 'बाबांची' उघडून ठेवली, आणि ठेवली आहे ना, ते दोनदा पाहिलं.

५

दुसऱ्या दिवशी जिन्यात शेजारीणबाई भेटल्या. तोंड जरा फुगलेलं होतं.

"राव, कोणी आलेलं नको असेल तर तसं सांगावं माणसाने. वाईट नाही वाटत."

"का हो? काय झालं?"

"काय झालं म्हणजे? काल सकाळी बेल वाजवली. आत गाणी चालली होती, मी म्हटलं, चला, बरं झालं, गडी जरा माणसात आला. बेल वाजली नि गाणं बंद. मग पाच मिनिटं उभी राहिले मी. आत खुर्ची वाजली, तेही ऐकलं."

"मी पाव आणायला गेलो होतो हो."

शेजारीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा मऊ झाला आणि तो मऊ झालेला चेहरा रावांना जास्त लागला. "असेल, असेल," त्या म्हणाल्या. "मुलीकडे जाऊन या ना थोडे दिवस. एकटं राहिलं की होतं असं."

राव घरी आले. प्रोग्राम उघडला, तर 'आईची' पुढे उभी.

आता मात्र त्यांनी शहाण्या माणसासारखा विचार करायला घेतला. एक, प्रोग्राम बिघडला. दोन, आपलं डोकं बिघडलं, आपणच लावतो आणि विसरतो. तीन, कोणाकडे तरी किल्ली आहे. तिसरं खरं असतं तर बरं झालं असतं, निदान कुलूप तरी बदलता आलं असतं. पण घरात चोरीला जाण्यासारखं काही नव्हतं, आणि चोर येऊन गाणी ऐकत बसतो असं कोणी ऐकलं आहे का? राहिलं पहिलं आणि दुसरं. आणि साउंडवाल्याकडे याची शहानिशा करायला हत्यार होतं. रेकॉर्डर खोटं बोलत नाही.

६

ऊन कलायला लागल्यावर त्यांनी रेकॉर्डर पुस्तकांच्या फळीवर ठेवला, बटण दाबलं, दाराला कुलूप घातलं आणि ते बागेत जाऊन बसले. बाकावर शेजारी एक आजोबा नातीला झोका देत होते. "जोरात, आजोबा, अजून जोरात!" राव तिचा आवाज ऐकत राहिले. घरी जावंसं वाटेना. तासाभराने कधीतरी उठले, जिना चढले, कुलूप काढलं, चपला काढल्या, खोकले, आणि फळीवरच्या रेकॉर्डरचं बटण बंद केलं. खोली जशीच्या तशी होती. वेताची खुर्ची भिंतीशी, स्टूल कॉम्प्युटरपुढे.

स्टुलावर बसून, हेडफोन लावून ते ऐकू लागले.

त्यांचं स्वतःचं दार लागलं. जिन्यावरून पावलं खाली गेली. मग रिकामी खोली. राव खूश झाले, ही अगदी नितळ रिकामी शांतता होती, घड्याळाचा प्रत्येक ठोका भिंतीवरून परत येत होता. बराच वेळ तेच. त्यांनी मनात म्हटलं, बघा, काही नाही. म्हणजे डोकंच फिरलंय आपलं.

आणि मग ठोके परत येईनासे झाले. दार वाजलं नव्हतं, पाऊल वाजलं नव्हतं. फक्त खोली थोडी भरली. आत एक माणूस होतं.

बटणाची टिचकी. मागोमाग गाणं, बारीक आवाजात, इस्त्री करताना लावायची त्यातलं. एक संपलं, दुसरं लागलं. रावांना हेडफोन काढायची छाती होईना. दुसरं गाणं अर्ध्यात असताना खाली जिन्यावर पावलं वाजली. त्यांची स्वतःचीच, उजवा पाय जरा ओढत टाकलेली. गाणं पटकन बंद झालं. वेताची खुर्ची कुरकुरली, कोणीतरी घाईने बसलं. कुलूप निघालं. राव आत आले. चपला. खोकला.

आणि खोलीत दोन माणसं होती. दुसरं माणूस श्वास धरून बसलं होतं, बोलायचं असतं आणि बोलायची परवानगी नसते तसं. फळीकडे येणारी पावलं, बटण, आणि रेकॉर्डिंग संपलं.

म्हणजे राव आत आले तेव्हा ते माणूस खुर्चीत होतं. आणि राव आल्यापासून खुर्ची पुन्हा वाजली नव्हती.

खुर्ची त्यांच्या पाठीमागे होती. रावांनी मान वळवली नाही. समोर कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यात खोलीचं प्रतिबिंब होतं, तिकडेही त्यांनी पाहिलं नाही, मांडीवरच्या हातांकडे पाहत राहिले. आणि तेव्हा त्यांना दवाखाना आठवला.

ती काहीतरी सांगू पाहत होती. नाकातोंडावर नळ्या, धाप लागलेली. तिला त्रास होऊ नये म्हणून, दुसरं काही मनात नव्हतं, ते नेहमीच्या थट्टेने म्हणाले होते, "शू. चिडीचूप. मी औषधं घेऊन येतो, मग बोल हवं तेवढं." तिने दोन बोटं उचलून ओठांवर ठेवली होती. डोळ्यांत तेच हसू. आणि राव जिना उतरले होते.

'झालं' म्हणायचं राहून गेलं होतं.

७

पळून जाता आलं असतं. दार चार पावलांवर होतं, शेजारीणबाई घरात होत्या. पण रावांना भीती वाटत होती तितकंच दुसरंही काहीतरी वाटत होतं, आणि ते भीतीहून जुनं होतं. ती बिचारी इतके दिवस गप्प बसली होती. त्यांच्या एका शब्दासाठी. जिला घोटभर पाणी पितानाही बोलावं लागायचं ती.

आणि मुलीला आवाज हवा होता.

त्यांनी हेडफोन उतरवले आणि रेकॉर्डर मांडीवर घेतला. बटण दोनदा चुकलं. लाल दिवा लागला. सवयीने त्यांनी मिनिटभर थांबून खोलीची शांतता घेतली. आत दोन माणसं. मग घसा साफ करून, मागे न वळता, ते म्हणाले,

"झालं गं."

काही नाही. घड्याळ चालत राहिलं. रावांना स्वतःची लाज वाटली, म्हातारा भिंतीशी बोलतोय म्हणून. "झालं," ते पुन्हा म्हणाले, आणि या वेळी रडू आवरेना. "माझं चुकलं. विसरलो मी. झालं, बोल आता."

मागे कोणीतरी श्वास सोडला. फार दिवस धरून ठेवलेला, लांबच लांब, संपता संपेना असा. वेताची खुर्ची कुरकुरली, बसताना कुरकुरते तशी नव्हे, उठताना कुरकुरते तशी. पावलं वाजली नाहीत. फक्त रावांच्या उजव्या कानापाशी हवा थोडी गार झाली आणि रस्त्याची रहदारी त्या बाजूने ऐकू येईनाशी झाली.

"अहो," ती म्हणाली.

तोच आवाज. जरासा घोगरा, शेवटाला वर जाणारा, हसू दाबलेला. रावांनी डोळे घट्ट मिटले. कसा विसरलो होतो आपण हा, कसा विसरलो? रेकॉर्डरवर आला, आला, पोरीला आवाज मिळाला. आनंदाने त्यांची छाती फुटायची बाकी होती.

"आता तुम्ही," ती म्हणाली. "चिडीचूप."

राव जागच्या जागी थिजले. उभ्या हयातीत त्यांनी तो शब्द हजारांना ऐकवला होता, त्यांना स्वतःला तो कोणी कधी ऐकवला नव्हता. हात आपोआप गुडघ्यांवर गेले. पाठ ताठ झाली. श्वास नाकाने, हळू.

मिनिट गेलं. त्यांना मिनिट घड्याळाशिवाय कळायचं. आता ती 'झालं' म्हणेल, असं त्यांना वाटलं. दुसरंही गेलं.

टेबलावर फोन वाजला. मुलीची रोजची वेळ झाली होती. ती विचारणार होती, सापडला का हो काही? सापडला होता. मांडीवर होता, लाल दिवा चालू होता, नुसतं बटण बंद करायचं आणि पाठवायचं. पण त्यासाठी हात हलवावा लागला असता, स्टूल वाजलं असतं. फोन वाजून वाजून थांबला. थोड्या वेळाने पुन्हा लागला. रावांच्या घशात खोकला दाटून आला होता, तो त्यांनी गिळला.

खिडकीबाहेर अंधारलं. कॉम्प्युटर उजळला, आणि त्यावर 'आईची' उघडून तिचं गाणं लागलं. तिसऱ्यांदा फोन वाजू लागला. स्वयंपाकघरात कोणीतरी भांडं घासून पालथं घातलं, आणि गाण्याबरोबर गुणगुणत दुसरं घासायला घेतलं. तिला काही घाई दिसत नव्हती.